घासूनपुसून दिलेलं मॉड्यूल

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. ट्रकच्या यार्डात सगळे त्याला ठिणगी म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणत. वायरिंगची कामं करतो म्हणून हे नाव पडलं, असं तो नव्या माणसाला सांगायचा. जुनी माणसं हसायची. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, त्यावरून पडलेलं नाव ते.

पण त्याचा राग भलत्या गोष्टींवर कधी नसायचा. चहा गार आला, कोणी पायावर पाय दिला, बायको भांडली, तर हा गप्प. मात्र अर्धवट आवळलेला स्क्रू दिसला, किंवा दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली दिसली, की संपलंच! "कोण हा गाढव? हात आहेत की फावडी?" असं सुरू व्हायचं ते पुढचा तासभर. ते काम करणारा गाढव दोन गावं पलीकडे बसलेला असला तरी ठिणगीचं बोलून होईपर्यंत शेजारच्या माणसांना काम सोडून ऐकावं लागायचं.

ऐन उमेदीत त्यानं एका मोठ्या वर्कशॉपात नऊ वर्षं नोकरी केली होती. कंपनीचा शर्ट, छातीवर बिल्ला, वर पंखा. तिथं फ्यूज उडाला की फ्यूज बदलायचे. पुन्हा उडाला की पुन्हा बदलायचे. का उडतो, हे कोणी विचारायचं नाही. एका गाडीचा एकच फ्यूज पाचव्यांदा बदलायची चिठ्ठी हातात आली तेव्हा त्यानं शर्ट काढला, घडी केली, मुख्य मिस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि बनियनवर घरी आला. बायको म्हणाली, "बरं केलंत." आणि पुढचे आठ दिवस एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून एका माल वाहतूक कंपनीच्या यार्डाच्या मागच्या अंगाला त्याची पत्र्याची शेड होती. एक लाकडी टेबल, शिकंजा, जुना लॅपटॉप, आणि भिंतीला बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांची रांग. प्रत्येक डब्यावर त्याच्या गोल अक्षरात चिकटपट्टी: रिले, पिना, होल्डर, 'बघू'. कंपनीच्या छत्तीस ट्रकांची सगळी इलेक्ट्रिक कामं तोच करी.

काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या उस्तादानं. उस्तादाचे नियम दोनच. पहिला, कारण सापडल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. दुसरा, काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्यायचा, आणि तो घासूनपुसून, कागदात बांधून द्यायचा. "घाणेरडा पार्ट हातात ठेवलास तर गिऱ्हाईक म्हणेल, माणूसच घाणेरडा," असं उस्ताद म्हणायचा. ठिणगीनं तीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. जळालेला स्टार्टर असो की फुटलेला दिवा, ब्रश, स्पिरिट, फडकं, मग वर्तमानपत्र, मग सुतळीची गाठ. लोक हसायचे. "अरे, भंगारात जायचंय ते, मुंज लावतोस काय त्याची?" हसू देत. ज्याचा त्याचा स्वभाव.

आता त्याचा सगळ्यात मोठा राग सांगायचा तर तो मॉड्यूलवर. बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे डॅशबोर्डाच्या आत बसवलेला, जेवणाच्या डब्याएवढा काळा खोका. दिवे, वायपर, हॉर्न, दारांची कुलुपं, सगळा कारभार त्याच्याकडे. "पूर्वी बटण दाबलं की दिवा लागायचा," ठिणगी म्हणायचा. "आता बटण दाबणं म्हणजे नुसता अर्ज करणं. अर्ज मॉड्यूलकडे जातो. साहेबांची मर्जी असली तर मंजूर. नसली तर बसा अंधारात! आणि वर लोक ड्रायव्हरलाच विचारणार, तू अर्ज केला होतास का?"

हे तो नेहमी म्हणायचा. ते घरातच येऊन बसेल असं त्याला वाटलं नव्हतं.

त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे भाऊजी, याच कंपनीत ड्रायव्हर होता. बावीस वर्षं गाडी चालवली, कोणाच्या सायकलीलाही धक्का लावला नाही. माणूस इतका सावकाश की जेवतानासुद्धा वळणावर हॉर्न देईल, असं ताईच म्हणायची. आवाज चढवणं त्याला ठाऊक नव्हतं. एका पावसाळी दुपारी फरशांचा माल घेऊन तो डोंगरातल्या बोगद्यात शिरला. चारेकशे पावलं आत गेला असेल, तोच पुढचे दिवे गेले, मागचे गेले, वायपर काचेच्या मधोमध थांबले. समोर मिट्ट काळोख, पाठीमागे गाड्या. त्यानं अंदाजानं गाडी डावीकडे घेतली आणि भिंतीला घासत घासत उभी केली. डावं दार गेलं, अर्ध्या फरशा फुटल्या. माणूस एकही दुखावला नाही. खरं तर त्याला हार घालायला हवा होता.

हार राहिला बाजूला. कंपनीच्या मॅनेजरसाहेबांनी त्याला घरी बसवलं. कारण गाडी ओढून बाहेर काढली तेव्हा दिवे व्यवस्थित लागत होते. वायपरही फिरत होते. साहेबांनी निष्कर्ष काढला की ड्रायव्हर दिवे न लावताच बोगद्यात शिरला. पुढे चार दिवसांनी यार्डात उभ्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला, दारं आपोआप बंद होऊ लागली, तेव्हा साहेब म्हणाले, "मॉड्यूल गेलेलं दिसतंय. धडकेनं गेलं असणार." म्हणजे बघा! मॉड्यूल बिघडलं म्हणून धडक झाली नाही, धडक झाली म्हणून मॉड्यूल बिघडलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

शनिवारी चौकशी ठेवली होती. विमा कंपनीचा तपासनीस येणार होता. त्यानं 'चालकाची हयगय' असं लिहिलं की भाऊजींची नोकरी तर जाणारच, पण तो शेरा त्यांच्या कागदांवर जन्मभर राहणार आणि दुसरं कोणीही त्यांना गाडी देणार नाही. पन्नाशीच्या माणसानं मग करायचं काय?

भाऊजी तर निम्मे झाले होते. पहिले दोन दिवस ते म्हणत होते, "मी दिवे लावले होते." मग म्हणायला लागले, "लावले असणार." आठव्या दिवशी ठिणगी त्यांच्या घरी गेला तेव्हा ते पलंगाच्या कडेवर बसून उजव्या हाताची बोटं पुन्हा पुन्हा वळवून बघत होते. ताई स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली, "दिवसभर हेच चाललंय. काल मला म्हणाले, अगं, कदाचित विसरलोही असेन."

ठिणगीच्या अंगाची लाही लाही झाली. "विसरलोही असेन? बावीस वर्षं ज्या हातानं दिवे लावले त्या हातावर संशय? या लोकांनी माणसाला पार खुळा करून सोडला!" तो ओरडत होता आणि भाऊजी जमिनीकडे बघत होते.

मॉड्यूल बदलायचं काम अर्थात ठिणगीकडेच आलं. बुधवारी सकाळी त्यानं बॅटरीची वायर सोडली, शेजारच्या सीटपुढचं पॅनल उघडलं आणि आत डोकं घातलं. घडलेली सगळी गोष्ट त्याला तिथं एका नजरेत वाचता आली. वर्षापूर्वी साहेबांनी पुढची काच कुठल्याशा स्वस्त दुकानात बदलून घेतली होती. काचेच्या कोपऱ्यात चिकटवायचा मसाला नीट भरलेला नव्हता. तिथून पाणी आत येत होतं. बरं, आलं तर येऊ दे, पण काच बसवणाऱ्यानं आतल्या वायरींचा जुडगा पट्ट्यांनी वर करकचून ताणून बांधला होता. वायरीला नेहमी झोळ द्यायचा असतो. म्हणजे सॉकेटात शिरण्याआधी ती खाली लोंबायला हवी, मग पाणी आलं तरी झोळाच्या तळाशी थेंब थेंब गळून जातं. इथं झोळच नव्हता. पाणी वायरीवरून सरळ घसरत मॉड्यूलच्या सॉकेटात. पिनांवर महिनोन्महिन्यांचा हिरवागार थर चढला होता. पाणी साचलं की दिवे जायचे, वाळलं की परत लागायचे.

"कोण हा गाढव? कोण हा बैल?" ठिणगी तासभर बोलत होता आणि बोलता बोलता त्याचे हात कामच करत होते. नवीन मॉड्यूल बसलं. ते कोरं असतं, त्याला काहीच ठाऊक नसतं, म्हणून लॅपटॉप जोडून गाडी कोणती, दिवे किती, हे सगळं शिकवलं. दिवे लागले, वायपर फिरले. जुन्या मॉड्यूलमध्ये बिघाडाची नोंद होती, पण ती कधीची, ते त्यात नव्हतं. असू दे, पिना आहेत की! पिनाच सांगतील! त्याला इतका आनंद झाला की त्यानं जुनं मॉड्यूल टेबलावर घेतलं आणि शिट्टी वाजवत पुढचं काम उरकलं.

शनिवारी यार्डात खुर्च्या मांडल्या. तपासनीस हा कोरडा, पण सरळ माणूस वाटत होता. हातात वही, चष्मा कपाळावर. मॅनेजरसाहेब इस्त्रीच्या शर्टात. भाऊजी एका बाजूला, हात मागे बांधून, शाळेत उभं केल्यासारखे. ठिणगी छाती पुढे काढून आला आणि त्यानं वर्तमानपत्राचं पुडकं तपासनिसासमोर ठेवलं.

"हे घ्या. बघा पिना. पाणी जाऊन जाऊन काय अवस्था झालीय."

तपासनिसानं सुतळी सोडली. कागद उलगडला. मॉड्यूल उचलून उन्हाकडे धरलं, चष्मा खाली घेतला, बराच वेळ बघितलं.

"मिस्त्री, हे तर लख्ख आहे."

ठिणगीनं वाकून बघितलं. पिना चांदीसारख्या चमकत होत्या.

त्यानंच घासल्या होत्या. बुधवारी, शिट्टी वाजवत. ब्रश, स्पिरिट, फडकं. बाहेरचा माणूस बघायला येणार म्हणून नेहमीपेक्षा जास्तच, टाचणीनं कोपरे कोरून. वायरीकडच्या सॉकेटातला हिरवा थरही त्यानं नवीन मॉड्यूल बसवण्याआधी फुंकून साफ केला होता. तीस वर्षांची सवय. हात दाखवून अवलक्षण!

"मी पुसलं," तो म्हणाला. "हिरवं होतं. मीच पुसलं."

साहेब हसले. मोठ्यानं नाही, नुसते ओठ. "वा. पुरावा होता, पण तो मेव्हण्यानं पुसला. बघा बुवा तपासनीस, काय लिहायचं ते लिहा."

"अहो, पुसायला मी काय खुळा आहे का?"

"तेच तर म्हणतोय मी. कोण पुसेल?"

तपासनिसानं वहीत काहीतरी लिहायला घेतलं. भाऊजींनी वर बघितलं नाही, आणि ते बघून ठिणगीचं डोकं असं काही सणकलं की तो सरळ नळाकडे गेला. पाइप ओढत आणला. "थांबा, लिहू नका! भाऊजी, चढा गाडीत. दिवे लावा. तपासनीस साहेब, तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. मी काचेवर पाणी मारतो. दिवे नाही गेले तर या यार्डात पुन्हा पाय ठेवणार नाही!"

भाऊजी चढले. त्यांनी दिवे लावले. समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोल उमटले. ठिणगीनं पाइप काचेच्या कोपऱ्यावर धरला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. आत पायपुसणं भिजून चिंब झालं. दिवे मात्र तसेच्या तसे, लग्नघरासारखे लखलखीत.

"काच गळते, मान्य," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "काच गळली म्हणून दिवे जातात असं आता दिसलं नाही. झालं ना?"

ठिणगीला काही कळेना. त्यानं पाइप टाकला, शेजारच्या सीटच्या पायात आडवा झाला आणि पॅनलमध्ये डोकं घातलं. आत बघितलं आणि कपाळावर हातच मारला. वायरीचा जुडगा सुंदर झोळ घेऊन खाली लोंबत होता. झोळाच्या तळाशी थेंब जमत होता, गळत होता, जमत होता, गळत होता. नवीन मॉड्यूल वर कोरडं ठणठणीत. झोळ कोणी दिला? यानंच. बुधवारी. जुन्या पट्ट्या कापून, न सांगता, न विचारता, सवयीनं.

"अरे माझ्या कर्मा!" तो आतूनच ओरडला. "चांगलं काम करून मी माझ्याच माणसाच्या गळ्याला तात लावली!"

तो बाहेर आला आणि तपासनिसापुढे उभा राहिला. जुडगा आधी कसा ताणून बांधलेला होता, हे त्यानं सांगितलं. "मला पुन्हा तसाच बांधू द्या."

"पण आधी तसाच होता हे मी कशावरून समजू?" तपासनिसानं विचारलं. त्याचा प्रश्न रास्त होता.

ठिणगीनं पलीकडच्या ट्रकाकडे बोट दाखवलं. त्याची काच त्याच दुकानात, त्याच आठवड्यात बदललेली होती. तिची फट अजून उघडली नव्हती, एवढंच. तपासनीस स्वतः गेला, ठिणगीला चार हात लांब उभं करून साहेबांच्याच माणसाकडून पॅनल उघडून घेतलं. आत जुडगा कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणलेला, पट्ट्यांनी आवळलेला. तपासनिसानं फोटो काढला. "ठीक आहे," तो म्हणाला, "असाच बांधा. मी बघतो."

आणि मग ठिणगी आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून वाईट काम करायला बसला. तुम्हाला हसू येईल, पण त्याचे हात ऐकेनात. पट्टी ओढली की बोटं आपोआप सैल सोडत, तो पुन्हा ओढी. तोंडानं शिव्यांचा सपाटा चालू होता, काचवाल्याला, मॉड्यूलला, साहेबांना, स्वतःला. तीन पट्ट्या. झोळ गेला. उस्ताद वरून बघत असेल तर त्यानं डोळे मिटून घ्यावेत, असं त्याला वाटलं.

"नवीन मॉड्यूल जाईल, मिस्त्री," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजातला तोरा आता थोडा उतरला होता.

"जाऊ दे! माणूस जात होता तेव्हा नाही आठवलं?"

भाऊजी पुन्हा चढले. दिवे लावले. तपासनीस शेजारी. ठिणगीनं पाइप धरला. पहिली पाच मिनिटं काही झालं नाही. सहाव्या मिनिटाला हॉर्न स्वतःच एकदा पीं करून थांबला. यार्डातली माणसं हातातलं काम टाकून गोळा झाली. वायपर उठले, अर्ध्या वाटेत गेले, मधोमध थांबले. दारांची कुलुपं खट्कन पडली. आणि भिंतीवरचे दोन्ही पिवळे गोल एकदम गेले.

कोणी टाळी वाजवली नाही. ठिणगीनं पाइप खाली टाकला. काचेवरून पाणी ओघळत होतं, त्याच्या आड भाऊजी दिसत होते. त्यांचा उजवा हात बटणावर होता. त्यांनी तो काढला नव्हता.

"साहेब," ते तपासनिसाला म्हणत होते, "हात लावून बघा. चालू आहे ना?"

तपासनिसानं हात लांब करून बटण चाचपलं. "चालू आहे."

"पुन्हा सांगा."

"चालू आहे हो. बटण चालू आहे, दिवे गेलेत. मी तसं लिहितो."

कुलुपं अडकलेली, म्हणून भाऊजी खिडकीतून उतरले. पन्नाशीचा माणूस, पाय लटकवून, माणसांच्या खांद्यांचा आधार घेत. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. मॅनेजरसाहेब पुढे आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "चला, मिटलं एकदाचं. सोमवारपासून या कामावर."

मिटलं? ठिणगी भडकून उठला. "मिटलं काय, साहेब? स्वस्तातली काच तुम्ही बसवलीत, सही तुमची, आणि खापर कोणाच्या डोक्यावर फोडलंत? बारा दिवस हा माणूस स्वतःच्या हाताकडे बघत बसला होता! जनाची नाही तर मनाची तरी लाज आहे का? माफी मागा. सगळ्यांसमोर मागा. याला विचारलंत ना तुम्ही, दिवे लावले होतेस का म्हणून? बावीस वर्षांच्या ड्रायव्हरला? विचारायची जीभ कशी झाली हो तुमची?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. पण बोलले भाऊजी. नेहमीच्याच हळू आवाजात.

"तूही विचारलं होतंस."

ठिणगी वळला. "मी?"

"पहिल्याच दिवशी. दवाखान्यात नुसतं तपासून मला घरी आणताना, तुझ्या स्कूटरवर. म्हणालास, भाऊजी, आपल्यातच राहील, खरं सांगा, लावले होते ना दिवे?" मग म्हणाले, "साहेबांनी विचारलं त्याचं मला काही वाटलं नव्हतं. साहेब विचारणारच. तू विचारलंस, तेव्हा मला वाटलं, ज्याला या कामातलं सगळं कळतं तोच विचारतोय, म्हणजे विसरलोच असेन मी."

ठिणगीला ते आठवत नव्हतं, आणि मग आठवलं. सिग्नलला थांबला होता तो, मान मागे वळवून विचारलं होतं. सहज. चांगल्या मनानं. भाऊजींनी मागून उत्तर दिलं नव्हतं, आणि सिग्नल सुटला म्हणून त्यानंही पुढे विचारलं नव्हतं.

यार्डातली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. शेवटी त्यानं ओले हात शर्टाला पुसले, भाऊजींच्या समोर गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चुकलं माझं, भाऊजी. मी विचारायला नको होतं."

भाऊजींनी मान हलवली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला जवळ ओढलं.

मग ठिणगी मॅनेजरसाहेबांकडे वळला, आता तुमची पाळी म्हणून. खुर्ची रिकामी होती. साहेब केव्हाच केबिनमध्ये गेले होते आणि फोनवर कोणाला तरी सांगत होते की मिस्त्रीनं नवीन मॉड्यूल मुद्दाम पाणी घालून बिघडवलं.